अन्न नाकारणारा रुग्ण आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचे नेतृत्व

'पोरगी जेवत नाही, वाळत चालली' ही तक्रार घेऊन येणारे पालक यवतमाळ जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांना नवे नाहीत. सोळा तालुक्यांच्या या कापूसप्रधान जिल्ह्यात कृशतेची कारणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी २०.८ टक्के स्त्रियांचे वजन त्यांच्या उंचीच्या मानाने कमी होते, तर ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अशा परिस्थितीत एखादी कृश मुलगी समोर आली म्हणजे डॉक्टरांच्या मनात प्रथम अपुरा आहार, रक्तक्षय, जंत, क्षयरोग आणि विदर्भात आढळणारा सिकलसेल हे आजार यावेत, हे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे.

परंतु घरात भाकर-भाजी शिजलेली असताना, ताट समोर मांडलेले असताना, जी व्यक्ती अन्न नाकारते तिचा आजार वेगळा असतो. सर्वत्र दिसणाऱ्या कृशतेच्या गर्दीत तो झाकला जातो. 'हा श्रीमंतांच्या मुलींचा, शहरांतला आजार आहे' असा समज त्यात भर घालतो. परिणामी निदान होईपर्यंत कित्येक महिने निघून जातात. या आजारात वाया गेलेल्या महिन्यांची किंमत मोठी असते. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसून आले की, या आजाराच्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण समवयस्कांच्या तुलनेत सुमारे सहापट असते, आणि मृत्यू पावलेल्या दर पाच रुग्णांपैकी एकाने आत्महत्या केलेली असते.

आजाराचे स्वरूप

या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन १८७३ च्या सुमारास पॅरिसचे डॉ. लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल यांनी स्वतंत्रपणे केले. गल यांनी त्यास 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. मराठीत त्यास मनोजन्य क्षुधानाश म्हणतात. नाव काहीसे फसवे आहे, कारण पुष्कळ रुग्णांची भूक मेलेली नसते. भूक असूनही अन्न दूर ठेवले जाते. याच गटातील दुसरा विकार म्हणजे क्षुधातिरेक. त्यात रुग्ण थोड्या वेळात पुष्कळ खातो आणि नंतर उलटी काढून किंवा जुलाबाची औषधे घेऊन ते शरीराबाहेर टाकतो. १९७९ साली डॉ. जेराल्ड रसेल यांनी तो स्वतंत्रपणे वर्णिला. माती, राख, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची सवय प्राथमिक शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. तीही खाण्याच्या विकारांतच मोडते. तिच्यामागे बहुधा लोहाची कमतरता असल्याने रक्ततपासणी व लोहाच्या गोळ्या यांपासून तिचा उपचार सुरू करावा लागतो.

भारतातील चित्र पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाहून थोडे निराळे आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ साली पाच तरुण स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अन्न नाकारणे, सतत उलट्या होणे, वजन झपाट्याने घटणे आणि पाळी बंद होणे ही त्यांची प्रमुख लक्षणे होती. आपण लठ्ठ आहोत अशी समजूत, जी पाश्चात्त्य ग्रंथांत आजाराची खूण मानली जाते, ती मात्र त्यांच्यात दिसत नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलामुलींच्या अभ्यासातही मानसिक कारणाने होणाऱ्या उलट्यांचेच प्रमाण सर्वाधिक होते. यवतमाळच्या डॉक्टरांना या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग आहे. 'मी जाड झाले आहे' हे वाक्य ऐकण्याची वाट पाहणारा डॉक्टर वाट पाहतच राहील. येथील रुग्ण 'पोट भरल्यासारखे वाटते', 'घास घशाखाली उतरत नाही', 'वास आला की मळमळते' असे सांगेल. घरची माणसे कोणाची नजर लागली, बाहेरची बाधा झाली असे सांगतील.

उपवासाचा प्रश्नही येथे नाजूकपणे हाताळावा लागतो. सोमवार, एकादशी, चातुर्मास यांचे उपवास करणाऱ्या लाखो स्त्रियांना कोणताही विकार नसतो, आणि डॉक्टरांनी व्रतवैकल्यांची थट्टा केल्यास ते घर पुन्हा दवाखान्यात येणार नाही. विचारावयाचे ते एवढेच की, हा उपवास घरातील इतरांबरोबरचा आहे की एकटीचा, वर्षभरात त्याचे दिवस वाढत गेले आहेत काय, आणि आजारपणात वडीलधाऱ्यांनी 'सोड' म्हटले असता तो सोडता येतो काय. जो उपवास सोडता येत नाही, त्याच्याकडे आजाराचे लक्षण म्हणून पाहावे.

रुग्ण सर्वांचा आणि कोणाचाच नाही

समजा, घाटंजी किंवा झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या गावची पंधरा वर्षांची मुलगी आहे. सहा महिन्यांत तिचे वजन बेचाळीस किलोवरून तीस किलोवर आले आहे. उंची दीडशे सेंटीमीटर धरली तर तिचा शरीरभार निर्देशांक सुमारे १३.३ भरतो. प्रौढांमध्ये १८.५ च्या खाली कमी वजन मानतात. किशोरवयीनांसाठी वयानुसार कोष्टक पाहावे लागते, पण कोणत्याही कोष्टकात हा आकडा धोक्याचाच ठरेल. प्रथम तिला देवऋषीकडे नेले जाते. मग गावातील डॉक्टर सलाईन लावतात आणि भूक वाढविणाऱ्या गोळ्या देतात. पाळी बंद आहे म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दाखविले जाते. तेथे पाळी येण्यासाठी गोळ्या मिळतात. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पालकांचे समाधान होते, आणि आतली उपासमार तशीच चालू राहते. पोटाची सोनोग्राफी होते. काही सापडत नाही. अखेर कोणीतरी मनोविकारतज्ज्ञांचे नाव सुचविते. ते म्हणतात, शरीराची अवस्था आधी सुधारू द्या. मेडिसिन विभाग म्हणतो, आजार मनाचा आहे.

यांपैकी प्रत्येकाने आपापल्या परीने उपचार केलेला असतो. नसतो तो एक डॉक्टर, जो 'ही माझी रुग्ण आहे, ती बरी होईपर्यंत सर्व धागे माझ्या हाती राहतील' असे म्हणेल. खाण्याच्या विकारात डॉक्टरांच्या नेतृत्वाचा अर्थ मुख्यतः हा आहे. या आजाराला आहारतज्ज्ञ, समुपदेशक, परिचारिका, मनोविकारतज्ज्ञ, आई-वडील आणि शाळा असे अनेक हात लागतात. पण जीविताला धोका केव्हा आहे, रुग्णालयात केव्हा हलवावे, अन्न कोणत्या वेगाने वाढवावे आणि शाळेत परत केव्हा पाठवावे हे निर्णय शरीराच्या तपासणीवर अवलंबून असतात, आणि ते घेण्याचा अधिकार व जबाबदारी वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच येते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्स या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही शरीराचे आणि मनाचे डॉक्टर यांनी एकत्रितपणे रुग्ण पाहावा, यावर भर आहे.

धोक्याची पारख

ही पारख करण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. वजन-उंची, काखेतील तापमान, नाडी, आणि निजलेल्या व उभ्या स्थितीतील रक्तदाब यांची नोंद कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. नाडीचे ठोके मिनिटाला चाळिसाच्या खाली असणे, अंग थंड पडणे, उभे राहताच भोवळ येणे, पायांवर सूज असणे, आठवड्याला एक किलो किंवा त्याहून अधिक वेगाने वजन घटत राहणे ही तातडीची लक्षणे होत. आणखी एक साधी परीक्षा आहे. रुग्णाला उकिडवे बसण्यास सांगावे आणि हातांचा आधार न घेता उठण्यास सांगावे. शेतात निंदण-खुरपण केलेल्या, चुलीपुढे बसण्याची सवय असलेल्या मुलीला हे जमत नसेल, तर स्नायू किती खचले आहेत हे कोणत्याही अहवालाशिवाय कळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उपासमारीत शरीर रक्तातील क्षारांचे प्रमाण दीर्घकाळ सांभाळून धरते. म्हणून 'रक्ताचे सर्व रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. उलट्या काढणाऱ्या रुग्णात मात्र पोटॅशियम एकाएकी घसरून हृदयाची लय बिघडू शकते. तेथे हृदयाचा आलेख काढण्यास विलंब करू नये. क्षयरोग, थायरॉईडचा विकार, मधुमेह आणि नैराश्य यांच्या तपासण्या याच वेळी उरकाव्यात.

अन्न हेच औषध, पण मात्रेने

खरी कसोटी यानंतर लागते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न किंवा शिरेतून ग्लुकोज दिल्यास रुग्ण दगावू शकतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फार कटू रीतीने शिकावी लागली. छावण्यांतून सुटलेले अनेक कैदी पोटभर अन्न मिळाल्यानंतर मरण पावले. उपाशी शरीर चरबी व स्नायू जाळून चाललेले असते. साखर आत येताच इन्सुलिन वाढते, आणि रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढले जातात. रक्तात त्यांचा तुटवडा पडून हृदय व श्वसन दुबळे होते. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपलेला असेल, तर मेंदूवरही परिणाम होतो. सलाईनच्या बाटलीवर ग्रामीण भागाचा मोठा विश्वास आहे. हाडांचा सापळा झालेल्या मुलीला ती लावली नाही तर डॉक्टरांनी काहीच केले नाही असे नातेवाईकांना वाटते. अशा वेळी 'ग्लुकोजची बाटली आत्ता नको, आधी ब-१ आणि रक्ताची तपासणी' असे ठामपणे सांगणे आणि ते का, हे आजीलाही पटेल अशा भाषेत समजावणे, हे नेतृत्वाचेच काम आहे.

समाधानाची बाब अशी की, हे शास्त्र यवतमाळला अपरिचित नाही. तीव्र कुपोषित बालकांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत नेमके हेच तत्त्व पाळले जाते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरहून कमी असलेल्या बालकाला तेथे आरंभी दर शंभर मिलिलिटरला केवळ ७५ कॅलरी देणारा दुधाचा आहार दर दोन तासांनी थोडाथोडा देतात, बालक स्थिरावल्यावरच १०० कॅलरींचा आहार सुरू करतात, आणि रक्तक्षय डोळ्यांना दिसत असूनही आरंभीच्या दिवसांत लोह देत नाहीत. बालकांचा हा आहार मोठ्या मुलीला जसाच्या तसा द्यावयाचा नाही. पण घाई न करण्याचा धडा तोच आहे. त्या केंद्रातील अनुभवी परिचारिका आणि आहारतज्ज्ञ या डॉक्टरांच्या पहिल्या सहकारी ठराव्यात. याच्या उलट, भीतीपोटी आठवडेच्या आठवडे नाममात्र अन्न देत राहणेही तितकेच घातक आहे. दररोज रक्तातील क्षार पाहून आहार वाढवीत नेणे, हा दोहोंमधला मार्ग होय.

आधी शरीर की आधी मन, या वादाचे उत्तरही प्रयोगाने मिळालेले आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्याबरोबरच ते चिडखोर, उदास व एकलकोंडे झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती गोळा करू लागले, घासाघासाला तासन् तास लावू लागले. हे तरुण मनाने निरोगी होते. उपासमारीनेच त्यांचे मन तसे केले. मुलगी हट्टी झाली, तुसडी झाली असे आई सांगते तेव्हा डॉक्टरांनी हा प्रयोग आठवावा. उपाशी मेंदूला उपदेश पचत नाही. वजन सावरू लागल्यावर समुपदेशनाचा खरा उपयोग सुरू होतो. क्षुधानाश बरा करणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. क्षुधातिरेकात फ्लुओक्सेटिनचा काही उपयोग होतो.

घर, शाळा आणि पंचायत

सर विल्यम गल यांचे मत असे होते की, अशा रुग्णाची शुश्रूषा नातेवाईकांकडे देऊ नये. शंभर वर्षांनंतर, १९८० च्या दशकात, लंडनच्याच मॉड्स्ले रुग्णालयात झालेल्या अभ्यासांनी हे मत बदलले. किशोरवयीन रुग्णाच्या बाबतीत आई-वडिलांनाच जेवू घालण्याची सूत्रे देणे अधिक गुणकारी ठरते, असे दिसून आले. महाराष्ट्रातील घराला ही पद्धत परकी वाटू नये. मात्र आई ताट वाढते, आत्या म्हणते 'राहू दे, जबरदस्ती नको', वडील रागावतात आणि आजी चोरून चहा देते, असे चार नियम एका घरात चालत नाहीत. डॉक्टरांनी सर्वांना एकत्र बसवून एकच नियम ठरवून द्यावा. जेवणाच्या वेळी कोणी शेजारी बसावे, जेवणानंतर तासभर मुलीला एकटे सोडू नये, आणि तिच्या रूपाविषयी किंवा लग्नाविषयी त्या काळात बोलू नये, हे स्पष्ट सांगावे. दोष कोणाचा, ही चर्चा डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत थांबवावी. आई-वडिलांनी आजार निर्माण केलेला नाही, पण तो बरा करण्यात त्यांच्यावाचून चालणार नाही.

शिक्षकांची दृष्टी येथे अनेकदा डॉक्टरांच्या आधी पोहोचते. डबा न उघडता परत नेणारी, खेळाच्या तासाला भोवळ येणारी, उन्हाळ्यातही अंगभर कपडे घालणारी आणि त्याच वेळी अभ्यासात अतिशय काटेकोर असलेली मुलगी वर्गशिक्षिकेच्या लक्षात येते. पांढरकवडा व पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत अधीक्षिकेला रोजचे ताट दिसते. तिने वजनाच्या नोंदी एकापुढे एक मांडून पाहिल्या तरी घसरण कळेल. अशी मुलगी आढळल्यास वर्गात चर्चा न करता पालकांना विश्वासात घ्यावे आणि तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये दाखवावे. मुलगेही या विकारातून सुटलेले नाहीत, हे विसरू नये.

ग्रामपंचायत सदस्यांचे काम त्याहून लहान, पण नेमके आहे. २०१५ साली शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात यवतमाळचा समावेश होता, आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या अस्वास्थ्याविषयी विचारण्याची पद्धत त्यातून गावांना परिचित झाली. त्याच वाटेने 'घरात कोणी जेवण टाकले आहे काय' हा आणखी एक प्रश्न विचारता येतो. देवऋषीकडे जाणाऱ्या कुटुंबाशी वाद घालण्यापेक्षा त्याच आठवड्यात दवाखान्यात नेण्यासाठी वाहनाची सोय करून देणे अधिक उपयोगी पडते.

पाठविण्याची चिठ्ठी आणि परतीची वाट

तातडीची लक्षणे असलेल्या रुग्णास पुसद, पांढरकवडा व दारव्हा येथील उपजिल्हा रुग्णालयांत किंवा यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागते. १९८९ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयामुळे जिल्ह्यात मेडिसिन, बालरोग व मनोविकार हे विभाग एका आवारात उपलब्ध झाले. परंतु चिठ्ठीवर केवळ 'अशक्तपणा, पुढील उपचारार्थ' असे लिहिलेले असेल, तर रुग्ण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत हरवून जातो. सहा महिन्यांपूर्वीचे व आजचे वजन, नाडी, किती दिवस किती अन्न पोटात गेले, ग्लुकोज दिले किंवा नाही, आणि संशय कशाचा आहे, हे पाच मुद्दे त्या चिठ्ठीत असावेत. पाठविणाऱ्या डॉक्टरांनी दूरध्वनीवरून तेथील डॉक्टरांशी बोलून, पुढे प्रमुख कोण राहणार हे नावानिशी ठरवावे. रात्रीअपरात्री सल्ला हवा असल्यास ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

रुग्णाची संमती हा कायद्याचा विषय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये अठरा वर्षांखालील मुलीला मनोविकार विभागात दाखल करण्यासाठी तिच्या प्रतिनिधीचा, म्हणजे सामान्यतः पालकाचा, अर्ज लागतो. प्रतिनिधी पुरुष असेल तर तिच्यासोबत स्त्री परिचारक राहणे आवश्यक असते. कायदा डॉक्टरांचे हात बांधत नाही. निर्णयांची कारणे लेखी ठेवण्यास मात्र सांगतो. शासकीय सेवेत बदली ही नित्याची गोष्ट असल्याने या लेखी नोंदीला आणखी एक महत्त्व आहे. डॉक्टर बदलून गेले तरी मुलीची योजना केसपेपरवर राहिली पाहिजे, अन्यथा नवे डॉक्टर पुन्हा भूक वाढविणाऱ्या गोळ्यांपासून सुरुवात करतील.

घरी परतल्यानंतरचे वर्ष सर्वांत कठीण असते आणि त्या वर्षाचा भार पुन्हा प्राथमिक आरोग्य केंद्रावरच येतो. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच काट्यावर, हलक्या कपड्यांत आणि लघवीस जाऊन आल्यानंतर वजन घ्यावे. वजन वाढलेले दिसावे म्हणून काही रुग्ण भरपूर पाणी पिऊन किंवा ओच्यात वजनदार वस्तू बांधून येतात, हे परिचारिकेला माहीत असावे. त्याबद्दल मुलीला रागावू नये. वजन सलग दोन आठवडे घटल्यास तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता डॉक्टरांनी घरच्यांना त्याच दिवशी बोलावून घ्यावे आणि महाविद्यालयातील प्रमुख डॉक्टरांना कळवावे.